कृशतेची दोन रूपे : मिल्टनच्या ‘स्क्रॅनल’ या विशेषणाची कुळकथा

सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५ च्या इंग्रजी कोशात ज्या नोंदींपाशी कोशकाराने आपले अज्ञान उघडपणे मान्य केले आहे, त्यांत ‘स्क्रॅनल’ या विशेषणाची नोंद मोठी वेधक आहे. या शब्दाची व्युत्पत्ती आपल्याला ठाऊक नाही आणि मिल्टनखेरीज त्याचे दुसरे उदाहरणही आढळले नाही, असे जॉन्सनने तेथे सांगून टाकले आहे. त्यानंतर त्याने हीन, टाकाऊ असा एक अर्थ दिला आणि ‘कदाचित’ अशी पुस्ती जोडून कानाला खरवडणारा असा दुसरा अर्थ सुचवला. कृश, बारीक, हडकुळा या अर्थाचा त्या नोंदीत मागमूस नाही. आज मात्र ‘लिसिडस’ची कोणतीही सटीप आवृत्ती उघडली, तर बारीक व कर्कश अशी दुहेरी टीप सापडते आणि ती इतक्या निश्चिंतपणे दिलेली असते, की या शब्दाच्या अर्थाविषयी कधी शंका होती असे विद्यार्थ्याला वाटूही नये. प्रस्तुत लेखकानेही पदव्युत्तर वर्गात कित्येक वर्षे ‘कर्कश’ एवढे एकच मराठी विशेषण पुढे करून ही ओळ ओलांडली आहे. ही चूक होती असे आता वाटते. आणि ती का चूक होती याचा शोध घेताना प्रश्न एका शब्दाच्या अर्थापुरता राहत नाही, तर काव्यातील कृशता हा गुण की दोष, या जुन्या वादापर्यंत जाऊन पोचतो.

‘लिसिडस’ची पार्श्वभूमी परिचित आहे. केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजातील एडवर्ड किंग हा तरुण फेलो १० ऑगस्ट १६३७ रोजी आयर्लंडकडे जात असताना वेल्सच्या किनाऱ्यानजीक जहाज बुडून मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ १६३८ साली केंब्रिजहून निघालेल्या संग्रहातील इंग्रजी विभागाची शेवटची कविता मिल्टनची होती. तिच्याखाली केवळ ‘जे. एम.’ ही आद्याक्षरे होती. किंग हा धर्मसेवेच्या वाटेवरचा माणूस. त्यामुळे शोक करणाऱ्यांच्या मिरवणुकीत गालील सरोवराचा तो नावाडी, म्हणजे सेंट पीटर, हातात दोन किल्ल्या घेऊन येतो आणि जगायला हवा होता तो गेला, उरले ते पोटभरू, असा घणाघात करतो. हे वाईट मेंढपाळ स्वतः मेजवानीवर तुटून पडतात, मेंढरांची निगा राखण्याचे काम त्यांना येत नाही. मनात आले की ते आपली गाणी पाव्यावर खरवडतात. हा पावा टाकाऊ काडाचा आहे, आणि त्याचेच विशेषण ‘स्क्रॅनल’.

येथे दोन गोष्टी नजरेआड होऊ देता कामा नयेत. पहिली अशी, की त्या गाण्यांनाही कवीने दोन विशेषणे दिली आहेत. त्यांतील एक ‘लीन’, म्हणजे रोड, मांस नसलेले. दुसरे ‘फ्लॅशी’. आजचा वाचक त्याचा अर्थ भडक, दिखाऊ असा करतो आणि फसतो, कारण सतराव्या शतकात हा शब्द पाणचट, बेचव या अर्थाने रूढ होता. म्हणजे दोन्ही विशेषणे मुळात अन्नाची आहेत: ज्यात कस नाही असे मांस आणि ज्यात चव नाही अशी पेज. दुसरी गोष्ट अशी, की पुढच्याच ओळींत मेंढरे भुकेली आहेत. मान वर करून पाहतात आणि त्यांच्या तोंडी काही पडत नाही. तरी ती रोडावत नाहीत. वारा आणि कुजकट धुके पिऊन ती फुगतात आणि आतून सडतात. वाऱ्यावर पोसून कुरणातून परतणारी मेंढरे दान्तेच्या ‘पॅराडिसो’च्या एकोणतिसाव्या सर्गातही आहेत, मिल्टनला ती ठाऊक होती यात शंका नाही. परंतु मिल्टनची मांडणी अधिक क्रूर आहे. रोड व्हायचे ते मेंढरू फुगते आणि भरीव असायचे ते गाणे रोडावते. ही उलटापालट ध्यानात घेतली म्हणजे मधल्या पाव्याचे विशेषण केवळ आवाजाचे असेल, हे पटेनासे होते. अन्न, भूक, फुगवटा आणि हाडे यांच्या रांगेत ते उभे आहे.

आणि तरीही आवाज त्यात आहेच. त्याचा पुरावा व्हर्जिलपाशी सापडतो. तिसऱ्या गोपगीतात मेनाल्कस हा मेंढपाळ डामोएटसला डिवचतो, की मेणाने जोडलेला खरा पावा तुझ्यापाशी कधी होता तरी का, चव्हाट्यावर उभा राहून किंचाळत्या काडावर तू भिकार गाण्याचा बळी घेत होतास तेवढेच. मिल्टनची ओळ या टोमण्यावर बेतलेली आहे, हे टीकाकारांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे. लॅटिनमधील काड इंग्रजीत काडच राहिले, ‘भिकार’ हे गाण्याचे विशेषण काडाकडे सरकले, आणि ‘किंचाळते’ यासाठी जे लॅटिन विशेषण होते, ‘स्त्रिदेन्स’, त्याच्या जागी इंग्रजीत ‘स्क्रॅनल’ आले. तेव्हा जॉन्सनचा ‘कदाचित’ अगदीच अंधारातला नव्हता. व्हर्जिल त्याला तोंडपाठ असावा, इतका त्याच्या पिढीच्या शिक्षणाचा तो पाया होता. पण त्या बाबतीत व्हर्जिलचा आधार घेऊन तो थांबला, आणि ज्या दुसऱ्या गोपगीतातून या ओळीला खरा अर्थ मिळतो तिकडे त्याची नजर गेली नाही. मिल्टनच्या चरित्रात, १७७९ मध्ये, त्याने ‘लिसिडस’ची जी प्रसिद्ध संभावना केली, तिच्यात कवितेची भाषा खडबडीत, यमके अनिश्चित आणि लय नकोशी वाटणारी ठरवली आहे. खडबडीतपणा हेच या प्रसंगाचे औचित्य आहे, हे ज्याला मान्य नाही त्याला या विशेषणात ‘हीन’ याहून अधिक काही दिसू नये, यात नवल ते काय?

हे दुसरे गोपगीत म्हणजे सहावे. त्याच्या आरंभी टिटिरस सांगतो, की आपण राजे आणि रणे गाऊ लागलो तेव्हा अपोलोने आपला कान ओढला आणि बजावले, मेंढपाळाने मेंढरे चारून पुष्ट करावीत, गाणे मात्र बारीक सुतासारखे कातून काढावे. लॅटिनमधले ते विशेषण सूतकताईतलेच आहे: लोकरीचा पेळू ओढत ओढत बारीक धागा निघावा तसे गाणे. ही कल्पना व्हर्जिलची स्वतःची नव्हे. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कॅलिमाकसने आपल्या ‘आयतिया’च्या प्रस्तावनेत अपोलोकडूनच हा उपदेश घेतला होता: बळीचा पशू हवा तितका पुष्ट असावा, काव्यदेवता मात्र सडपातळ. या प्रस्तावनेचा पपायरस १९२७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा मिल्टनला ती मूळ ग्रीक स्वरूपात उपलब्ध असण्याचे कारण नव्हते. पण व्हर्जिलचे सहावे गोपगीत ‘लिसिडस’ लिहिताना त्याच्या मनात होते, याला कवितेतच साक्ष आहे. कीर्तीविषयी कवी निराश होतो तेव्हा फीबस, म्हणजे अपोलोच, त्याच्या थरथरत्या कानांना स्पर्श करतो. व्हर्जिलचा ओढलेला कान येथे हळुवारपणे पुन्हा आला आहे. (त्याच वर्षी, ३० जून १६३७ रोजी, लंडनमध्ये प्रिन, बर्टन आणि बॅस्टविक या तिघा धर्मविरोधकांचे कान सरकारी शिक्षा म्हणून छाटले गेले होते, ‘थरथरते’ हे विशेषण वाचताना काही अभ्यासकांना ते आठवते, आणि तसे आठवणे अस्थानी म्हणता येत नाही.)

आता पीटरच्या भाषणाकडे पुन्हा पाहावे. अपोलोच्या उपदेशाचे दोन भाग होते, पुष्ट मेंढरे आणि कृश गाणे. वाईट मेंढपाळांनी त्यांतला एकच पाळला आहे. गाणी कृश आहेत, मेंढरे उपाशी. एवढेच नव्हे, तर गाण्याची कृशतादेखील ती नव्हे, जी अपोलोला अपेक्षित होती. वस्त्र तलम असते तेव्हा त्याचे पातळपण विणकराने हेतुपूर्वक, कष्टाने मिळवलेले असते. तेच वस्त्र वापरून वापरून विरते तेव्हाही ते पातळच असते, प्रकाशासमोर धरले तर दोन्हींतून सारखेच दिसेल, पण एकाला आपण तलम म्हणतो आणि दुसऱ्याला जीर्ण, फाटके. व्हर्जिलचे गाणे तलम आहे. पीटरच्या मेंढपाळांचे विरलेले. अलेक्झांड्रियन परंपरेने जी कृशता काव्याचा आदर्श म्हणून उंचावली होती, तिचीच विटंबना दाखवायला मिल्टनला एक विशेषण हवे होते, आणि त्या विशेषणात कृशतेचा अर्थ नसता तर ही सारी रचना लंगडी पडली असती. म्हणून ‘कर्कश’ एवढ्यावर भागत नाही.

या वाचनाला कवितेतील वाद्यांचाही आधार मिळतो. किंग आणि आपण तरुणपणी एकत्र मेंढरे चारत असू, असे निवेदक सांगतो, तेव्हा त्यांच्या गाण्यांना साथ होती ती ओटच्या काडाच्या पाव्याची. फीबस बोलून गेल्यावर पुढे सरकते ते गाणेही पुन्हा त्याच ओटच्या काडाचे. व्हर्जिलच्या पहिल्या गोपगीताच्या आरंभी टिटिरस ज्यावर वाजवतो तेही ओटचेच काड आहे आणि ‘तेनुइस’, म्हणजे सडपातळ, हे त्याचे गौरवाचे विशेषण आहे. म्हणजे चांगला कवी आणि नाठाळ पाद्री यांच्या हातातले वाद्य मूलतः एकच, धान्याचे वाळलेले काड. द्रव्य एक, आकार एक. भेद फक्त विशेषणात. एका काडाला ‘तेनुइस’ म्हणायचे आणि दुसऱ्याला ‘स्क्रॅनल’, एवढ्या एका निवडीवर कवितेतील नैतिक निवाडा तोललेला आहे. याचा एक अस्वस्थ करणारा परिणाम असा, की निवेदकाचे स्वतःचे काड कोणत्या जातीचे, हा प्रश्न कविता पूर्णपणे मिटवत नाही. आपली फळे अजून कच्ची आहेत, आपण ती अवेळी तोडत आहोत, असे म्हणतच तिचा आरंभ झालेला असतो. विल्यम एम्पसनने ज्या गुंतागुंतीच्या शब्दांचा अभ्यास केला त्यांत हा शब्द नाही, पण त्याच्या पद्धतीला हे उदाहरण मानवले असते.

ग्रामीण, ओबडधोबड शब्द धर्मसंस्थेवरील टीकेसाठी वापरण्याची रीत मिल्टनच्या आधीची आहे. स्पेन्सरच्या १५७९ च्या ‘शेपर्ड्स कॅलेंडर’मध्ये चांगल्या-वाईट मेंढपाळांचे वाद मे, जुलै आणि सप्टेंबर या महिन्यांच्या गोपगीतांत येतात, आणि सप्टेंबरमधला डिगन डेव्ही तर बोलीच्या वळणाने बोलतो. सर फिलिप सिडनीला ही जुनाट खेडवळ भाषा पसंत नव्हती. आपल्या काव्यसमर्थनपर ग्रंथात त्याने तसे नमूदही केले. तेव्हा एखादा अपरिचित गावरान शब्द गोपकाव्यात येणे हे औचित्याला धरून होते, आणि लॉड कँटरबरीचा आर्चबिशप असताना (१६३३ पासून तो त्या पदावर होता) ते सोयीचेही होते. जुलै १६३७ मध्ये मुद्रणावरील निर्बंध अधिक कडक करणारा स्टार चेंबरचा हुकूम निघाला होता. १६३८ च्या पाठात कवितेच्या माथ्यावर राजकीय सूचना नाही. १६४५ च्या संग्रहात मात्र, त्या वर्षीच्या जानेवारीत लॉडचा शिरच्छेद झाल्यानंतर, मिल्टनने एक टीप जोडून सांगितले, की तेव्हा ऐन भरात असलेल्या भ्रष्ट धर्माधिकाऱ्यांच्या नाशाचे भाकीत या कवितेत आहे. जे आठ वर्षांपूर्वी मेंढपाळांच्या शब्दांआड होते ते उघड बोलता येऊ लागले होते.

आता कोशांकडे. जॉन्सननंतर शंभर वर्षांनी, १८५७ मध्ये, इंग्रजी कोशांतील उणिवांवर ट्रेंचने लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत निबंध वाचले आणि त्यातून पुढे ऑक्सफर्डचा तो महाकोश उभा राहिला (पहिला भाग १८८४, समाप्ती १९२८). त्यातील ‘एस’च्या आरंभीच्या भागाचे संपादन हेन्री ब्रॅडलीकडे होते. ब्रॅडली मँचेस्टरचा जन्मलेला, विद्यापीठाचे शिक्षण नसलेला, शेफील्डच्या कटलरीच्या पेढीत कारकुनी करून भाषा शिकलेला माणूस. उत्तर इंग्लंडची बोली त्याला ग्रंथांतून गोळा करावी लागली नसेल. त्याच सुमारास जोसेफ राइट यांचा सहा खंडांचा इंग्रजी बोलींचा कोश (१८९८–१९०५) तयार होत होता. कृश, हडकुळा या अर्थाचा ‘स्क्रॅनी’ हा शब्द बोलींत वावरत होता, आणि स्कँडिनेव्हियन भाषांत वाळलेले, आक्रसलेले या अर्थाची त्याची भावंडे दिसत होती. मिल्टनच्या विशेषणाला कृशतेचा अर्थ मिळाला तो या मार्गाने. त्याची ओळ त्यासाठी पुरेशी नव्हती, तिच्या बाहेरचा पुरावा लागला. जॉन्सनजवळ लिखित उदाहरणांचा प्रचंड संग्रह होता, पण त्याची पद्धत मुख्यतः मान्यवर लेखकांच्या वाक्यांवर उभी होती; जे बोलले जाते पण लिहिले जात नाही ते तिच्या चाळणीतून गळून जात असे.

तरीही एक गोष्ट खटकते. एकोणिसाव्या शतकात ‘स्क्रॅनल’ पुन्हा छापील इंग्रजीत दिसू लागला तेव्हा तो बहुतेक वेळा पाव्याला चिकटूनच आला. लेखकांनी तो बोलीतून न उचलता मिल्टनकडून उचलला. मग अशा उदाहरणांना स्वतंत्र पुरावा कसे मानायचे? एका ओळीवरून अर्थ ठरवायचा, त्या ओळीच्या प्रतिध्वनींना नवी उदाहरणे समजायचे आणि त्यांच्या आधारे पुन्हा त्याच ओळीची टीप लिहायची, हे वर्तुळ सटीप आवृत्त्यांत आजही फिरते आहे. बोलीतील शब्द निसटला तो दुसऱ्याच रूपाने. ‘स्क्रॅनी’चे भावंड ‘स्क्रॉनी’ अमेरिकेत रुजले आणि आज सर्वत्र चालते. कोंबडीची मान, पोरगेलासा मुलगा, काटकुळे झाड, कशालाही ते लागते. पण त्यातला आवाज पार विझलेला आहे. ‘स्क्रॅगी’ची गोष्ट आणखी निराळी. त्याच्या मुळाशी ‘स्क्रॅग’, म्हणजे मटणातला मानेचा हाडकुळा तुकडा, आणि म्हणून अठराव्या शतकापासून चोरांच्या भाषेत फाशी देणे. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये चार्ली बेट्स ऑलिव्हरला हा शब्द कळत नाही असे पाहून रुमालाने अभिनय करून दाखवतो. या शब्दात रोडपणा आणि खडबडीतपणा, दोन्ही एकत्र नांदतात, पण तो डोळ्यांना दिसणारा आणि हाताला लागणारा खडबडीतपणा आहे. कानाला लागणारा नव्हे.

‘स्क्र’ या ध्वनिगटाचाच हा गुण, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. खरवडणे, ओरबाडणे, किंचाळणे यांच्यासाठीचे कितीतरी इंग्रजी शब्द त्याने सुरू होतात. जे. आर. फर्थ यांनी १९३० मध्ये अशा अर्थसूचक ध्वनिगटांकडे लक्ष वेधून त्यांना नाव दिले; त्याआधी कित्येक वर्षे ते लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि भारतीय भाषांतील अनुकरणवाचक शब्दांच्या श्रीमंतीचा त्यांच्या कानावर काही परिणाम झाला असेल काय, असा विचार मनात येतो. परंतु ध्वनिसूचकता म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. ती सांगते ते एवढेच, की उत्तरेकडचा एक कृशतावाचक शब्द मिल्टनने पाव्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला तेव्हा तो वाजू का लागला. ओळीतील क्रियापद खरवडण्याचे, त्यामागे रकारयुक्त शब्दांची रांग. अशा शेजारात त्या विशेषणाला आवाज फुटला नसता तरच नवल. कृश हा त्याचा आणलेला अर्थ आणि कर्कश हा त्याला त्या ओळीत मिळालेला अर्थ, असा भेद करणे मला योग्य वाटते. टीपांमध्ये मात्र दोन्ही अर्थ शेजारीशेजारी, एकाच वयाचे असल्यासारखे, बसवलेले असतात.

६ डिसेंबर १८६४ रोजी मँचेस्टरजवळच्या रशोम येथे रस्किनने ग्रंथवाचनावर व्याख्यान दिले. पुढे ‘सेसमी अँड लिलीज’मध्ये समाविष्ट झालेल्या त्या व्याख्यानात पीटरचे हेच भाषण त्याने शब्द शब्द सुटा करून वाचून दाखवले आहे. आंधळ्या मुखांच्या प्रतिमेवर तो थांबतो; वारा, श्वास आणि आत्मा हे मुळात एकच शब्द कसे, ते सांगून फुगलेल्या मेंढरांचा अर्थ उलगडतो. शब्दाशब्दावर थांबावे कसे याचा तो वस्तुपाठ आहे, आणि तसा तो आजही वर्गात उपयोगी पडतो. पण पाव्याच्या विशेषणावर रस्किन थांबत नाही. लँकाशायरच्या मातीत उभे राहून, ज्यांच्या घरी हडकुळ्या माणसासाठी त्याच कुळातला शब्द असू शकेल अशा श्रोत्यांपुढे, तो पुढे निघून गेला. व्युत्पत्तीच्या शोधात तो ग्रीक आणि लॅटिनपर्यंत गेला होता. समोर बसलेल्यांना विचारण्याचे त्याला सुचले नाही.

मराठी वाचकाला या ओळीपाशी एक अनपेक्षित सवलत मिळते. आपल्याकडे किरटी रोपे असतात, म्हणजे पोषण न मिळाल्यामुळे खुरटलेली; किरटे अक्षर असते; आणि किरटा आवाज असतो. शरीराच्या खुरटेपणापासून आवाजाच्या बारीक, चिरक्या टोचणीपर्यंतचा जो प्रवास इंग्रजी शब्दाने एका कवीच्या एका ओळीत केला, तो मराठी विशेषणाने रोजच्या बोलण्यात केव्हाच पुरा केलेला आहे. ‘किरटा पावा’ म्हटले की कृश आणि कर्कश यांतून एक निवडण्याची गरज उरत नाही, आणि अन्न न मिळाल्याची छटाही, जी पुढच्या उपाशी मेंढरांसाठी हवीच, आपोआप येते. ‘चिरका’ने आवाज साधतो, देह नाही. ‘हडकुळा’ने देह साधतो, आवाज नाही. ‘किनरा’ त्याहून सौम्य, जवळपास गोड.

अडचण आहे ती गाण्यांच्या विशेषणांची. पावा किरटा केल्यावर गाणी ‘रोड’ करावीत, तर मराठीत रोड गाणे म्हणजे काय हे कुणाला कळायचे नाही. ‘कसहीन’ करावीत, तर मांसाची प्रतिमा जाऊन समीक्षकी शब्द उरतो. ‘पाणचट’ मात्र जसाच्या तसा बसतो, आणि इंग्रजी वाचकाला ज्या ‘फ्लॅशी’साठी आता टीप लागते ती मराठी वाचकाला लागत नाही.